वाडा उतरवण्याआधी मोजून तरी घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या नाशकात वाडा पडला की दुसऱ्या दिवशी आपल्या पेपरात फोटो येतो. त्याआधी, बहुतेक वेळा त्याच संध्याकाळी, मला फोन आलेला असतो. पेठ रोडला माझी जुन्या लाकडाची वखार आहे. वडिलांनी चालू केली, आता मुलगाही बसतो. वाडा पडला, पाडायचा ठरला किंवा भावाभावांची वाटणी झाली की आम्ही जातो, माल बघतो, उक्ता भाव ठरवतो आणि माणसं लावून वाडा उतरवतो.

हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी म्हणेलच की याला वाड्यांचा एवढा कळवळा आणि हा जगतो वाड्यांवरच. जगतो. मी घेतलं नाही तर निम्मं लाकूड सरपणाला जाईल.

पत्राचं निमित्त वाढदिवसाचं. दर 7 नोव्हेंबरला आपल्या महापालिकेचा वर्धापनदिन येतो. नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर आणि आसपासची गावं एकत्र करून 1982 साली याच दिवशी महापालिका झाली. रोषणाई व्हावी, रांगोळ्या व्हाव्यात, कर्मचाऱ्यांनी गाणी म्हणावीत, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण शहराच्या नावाने होणाऱ्या अशाच एका सोहळ्याच्या मंडपवाल्याचा मला फोन आला होता. म्हणाला, शेठ, स्टेजच्या मागे जुनं नाशिक उभं करायचंय, एखादा दिंडी दरवाजा आणि चार खांब दोन दिवस भाड्याने द्या. दरवाजा होता माझ्याकडे. त्याच्या स्टेजपासून चालत दहा मिनिटांवरच्या बोळातलाच होता, मागच्या पावसाळ्यात आलेला. भाड्याचं जमलं नाही. मग त्याने प्लायवर फ्लेक्स चिकटवून कमान केली. लांबून बरी दिसत होती.

वाढदिवस 1982 पासून मोजायचा तर नाशिक माझ्यापेक्षाही लहान निघतं. नगरपालिका 1864 ची, जिल्हा 1869 चा. त्याआधी पेशवाई, त्याआधी मोगलाईतलं गुलशनाबाद. आणि गोदाकाठच्या जुन्या मातीच्या गढीत डॉ. ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी 1950-51 मध्ये खणलं, तेव्हा तर इसवी सनाच्या आधीची वस्ती निघाली. ती गढी आज दर पावसाळ्यात थोडी थोडी ढासळते. कडेला राहणाऱ्यांना नोटिसा जातात, पाऊस सरतो, विषय सरतो.

मला जास्त कळतं ते वाड्यांचं. वाडा उतरवणाऱ्याला तो जसा समजतो, तसा त्यात राहणाऱ्यालाही समजत नसावा. आम्ही वरून खाली येतो. आधी कौलं, मग वासे, पाट, कड्या, तुळया, हस्त म्हणजे खांबाच्या डोक्यावरचे लाकडी आधार, मग खांब आणि सगळ्यात शेवटी तळखडे, म्हणजे खांबाखालचे दगड. सराफ बाजाराच्या बाजूला भिंती हातभर जाड, खाली तळघर, भिंतीत बळद म्हणजे धान्याची पोकळी आणि चोरकप्पे. खांबांवर नक्षी दाबून, पैसा दिसावा म्हणूनच केलेली. तांबट आळीतली तुळई मी डोळे झाकून ओळखतो. पिढ्यान् पिढ्या भट्टीचा धूर खाल्लेला असतो. रंधा मारला तरी काळेपणा सूत-दोन सूत आत सापडतो, वाळवी मात्र सापडत नाही. पंचवटीत उपाध्यांच्या वाड्यांना ओसऱ्या लांबलचक, कारण यात्रेकरू तिथेच उतरायचे. माडीवर फडताळंच फडताळं, यजमानांच्या वंशावळीच्या चोपड्या ठेवायला. गावोगावची माणसं अजूनही येतात आणि पणजोबांची सही बघून डोळे पुसतात. त्या चोपड्या आता फ्लॅटमधल्या लोखंडी कपाटात गेल्या. ओसरी माझ्याकडे आली.

हे सगळं लाकूड बहुतेक सागवान. सुरूच्या झाडाच्या घाटाचे खांब, वर केळफुलाच्या आकाराचे हस्त, दारावर गणेशपट्टी. जोडाला खिळा नाही, खाचेत कुसू बसवून वरून लाकडाचीच पाचर. आणि खांब आडवा घालून त्याचं टोक पुसलं की तिथे सुताराची खूण दिसते. एक रेघ, दोन रेघा, फुली, रेघेवर टिंब. कुठला खांब कुठल्या तुळईखाली बसायचा याचा तो हिशोब. ज्याने वाडा उभा केला त्याने प्रत्येक नगाला नंबर घातला होता. आम्ही उतरवताना घालत नाही. खोटं कशाला बोलू, गिऱ्हाइकाला त्याचं काय? गंगापूर धरणाच्या बाजूच्या रिसॉर्टवाल्याला चार खांब हवे असतात, चार वेगवेगळ्या वाड्यांतले असले तरी चालतात. मुंबईचं गिऱ्हाईक दरवाजा नेतं, वर काच टाकून त्याचं जेवणाचं टेबल करतं. ज्या तुळयांवर नक्षी नाही त्या चिरून चौकटींना जातात. सहा महिन्यांत एका वाड्याचा माल सहा जिल्ह्यांत पांगतो आणि मग तो कसा होता हे माझ्यासकट कुणीच सांगू शकत नाही.

लोक म्हणतात, पावसाने वाडे पडतात. पाऊस शेवटचा धक्का देतो इतकंच. कौल सरकलेलं असतं, पाणी तुळईच्या टोकावर ठिबकतं. हे टोक भिंतीत असतं, म्हणून बाहेरून काही दिसत नाही. ते कुजलं की वरचं ओझं मातीच्या भिंतीवर येतं, भिंतीला पोट सुटतं. वरून अनेक बोळांत रस्त्यावर थरावर थर चढत गेले आणि ओटे खाली राहिले, म्हणजे पाणी जोत्यातही शिरतं. वेळेवर चार कौलं बदलली असती तर वाडा आणखी पन्नास वर्षं उभा राहिला असता, असं मी कितीतरी ठिकाणी मालकाच्या तोंडावर बोललो आहे.

कौलं का बदलली नाहीत, याचं उत्तरही मालकाकडून ऐकतो. भाडेकरू आजोबांच्या काळातला. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला चार टक्के वाढवता येतात, पण मूळ भाडंच चहा-बिस्किटाइतकं असेल तर त्याचे चार टक्के किती होणार? भाडेकरू सोडत नाही, कारण सोडलं तर हक्क गेला. मालक दुरुस्त करत नाही, कारण दुरुस्त केलं तर तो कधीच सोडणार नाही. दोघेही पावसाकडे बघत बसतात. त्यात सातबाऱ्यावर नाही तरी सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर वीस-पंचवीस नावं, निम्मी पुण्या-मुंबईला, एखादं अमेरिकेत. नदीकडच्या भागात 19 सप्टेंबर 2008 च्या पुरानंतर निळ्या पूररेषेचं लचांड. पाडलं तर पुन्हा बांधता येईल का, याची खात्री नाही. गावठाणातली जुनी घरं एकत्र करून नव्याने बांधायच्या क्लस्टर योजनेबद्दल तर मी इतकी वर्षं ऐकतोय की आता मालकही त्यावर हसतात. अशा घराकडून महापालिका दर मे महिन्यात काय अपेक्षा करते? धोकादायक वाड्याची नोटीस चिकटवते आणि जबाबदारीतून मोकळी होते. त्या नोटिशीनंतर मालकाच्या हाती रोख पैसा देणारा शहरात एकच माणूस उरतो, आणि तो मी असतो. हे बरोबर नाही.

दगडी वास्तूंचं थोडं तरी नशीब आहे. पेशवेकालीन सरकारवाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे, पोलीस ठाण्याला आजही त्याचंच नाव आहे. 1756 चं सुंदरनारायण मंदिर राज्य संरक्षित आहे, त्याच्या जीर्णोद्धाराचं काम लांबलं, पण कुणीतरी हातात घेतलं तरी. नदीतल्या जुन्या कुंडांच्या तळाशी सिंहस्थाच्या कामांत काँक्रीट ओतलं गेलं, तेव्हा गोदाप्रेमी कोर्टापर्यंत गेले. खाजगी मालकीच्या लाकडी वाड्यासाठी मात्र कोण कोर्टात जाणार? राज्याच्या नियमावलीत वारसा इमारतींसाठी टीडीआरची, म्हणजे बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची, सोय आहे म्हणतात. त्यासाठी इमारत यादीत हवी. मी उतरवलेल्या वाड्यांच्या एकाही मालकाने, आपलं घर अशा कुठल्या यादीत आहे, असं मला कधी सांगितलेलं नाही.

सगळे वाडे वाचवा असं मी म्हणणार नाही. काही इतके खिळखिळे झालेत की मी माझा माणूस आत पाठवत नाही. माझी मागणी छोटी आहे आणि वर्धापनदिनाच्या खर्चात सहज बसेल. वाडा उतरवायची परवानगी किंवा नोटीस देताना महापालिकेने त्याची मोजणी करून घ्यावी. नकाशा, उभा छेद, चौक-ओसरी-माडीचे फोटो, खांबांची मापं. शहरात आर्किटेक्चरची कॉलेजं आहेत, पोरं टेप घेऊन दोन दिवसांत एक वाडा मोजतील आणि शिकतीलही. लाकडाला ऑइलपेंटने नंबर घालायचे, आमची माणसं घालतील, त्याचे पैसे मी मागणार नाही. चांगला वाडा असेल तर त्याची चौकट महापालिकेने माझ्यासारख्याकडून विकत घ्यावी आणि नंबरवार पुन्हा उभी करावी, एखादं वाचनालय करा, वॉर्ड ऑफिस करा. आणि मोजलेल्यांपैकी धडधाकट निघतील त्यांची नावं तरी यादीत घाला, म्हणजे मालकाला टीडीआर मागता येईल आणि मला फोन करायच्या आधी त्याच्यापुढे दुसरा रस्ता असेल.

घाई का, तर 2027 चा सिंहस्थ. पंचवटी आणि नदीकाठ पुन्हा खणले जाणार, रस्ते रुंद होणार, साधुग्राम, पार्किंग. सिंहस्थाच्या आधीची दोन वर्षं माझ्या धंद्याला कायम तेजीची असतात, हा वडिलांच्या काळापासूनचा अनुभव आहे. वखारीत जागा करायला मी आत्ताच सुरुवात केली आहे.

मोजणीला कुणी येणार असेल तर वाडा ताब्यात घेतल्यावरही मी चार दिवस हात लावणार नाही, हा माझा शब्द. सध्या वखारीत पंचवटीतल्या एकाच वाड्याचा जवळजवळ पूर्ण चौक पडून आहे. बारा खांब, हस्तांसकट, सुताराच्या खुणा साफ दिसतात. महापालिकेच्या किंवा कॉलेजच्या कुणाला बघायचा असेल त्याने महिनाअखेरच्या आत यावं. त्यातल्या सहा खांबांचा बयाणा मी घेतलेला आहे.

आपला,
जुन्या लाकडाचा एक व्यापारी,
पेठ रोड, पंचवटी, नाशिक

(नाव छापू नये. गिऱ्हाईक आणि वाडामालक, दोन्हीकडे रोजची ऊठबस आहे. पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे, येणाऱ्याला तो सांगावा.)