विरजणाशिवाय दही नाही

नाशिक, १४ डिसेंबर

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. वाइनवाल्यांना यीस्ट लागतं हे कळतं, पण त्यातल्या एकाच प्रथिनात मी एवढा का गुंतलोय, असं तू विचारलंस. ते प्रथिन म्हणजे एचएसपी६०. मनापासून सांगतो, ऐक.

यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या छोट्या कप्प्यांत, हजारभर प्रथिनं असतात. त्यांपैकी जेमतेम आठ तिथल्या डीएनएवरून बनतात. बाकीची सगळी बाहेर तयार होतात आणि दार इतकं अरुंद, की उलगडलेल्या साखळीच्या रूपातच आत शिरावं लागतं. मग आत त्यांची घडी, म्हणजे काम करणारा नेमका आकार, घालायची कोणी? परीक्षानळीत प्रथिन आपली घडी आपणच घालतं, हे अॅन्फिन्सेन या शास्त्रज्ञानं दाखवलं होतं. १९७२ चं नोबेल त्यावरच मिळालं. त्यामुळे पेशीतही तसंच होत असणार, असं सगळे धरून चालले होते.

१९८९ मध्ये येल विद्यापीठाचे आर्थर हॉर्विच आणि म्युनिकचे उलरिच हार्टल यांच्या कामातून हे चित्र बदललं. हॉर्विच मुळात बालरोगतज्ज्ञ. ज्या एन्झाइमच्या अभावी तान्ह्या मुलांच्या रक्तात अमोनिया साचतो, त्याचं मानवी जनुक त्यांनी यीस्टमध्ये घातलं. त्यांना एक म्युटंट, म्हणजे जनुकात बदल झालेलं यीस्ट, सापडला, २३ अंशांना ठणठणीत, ३७ ला वाढ बंद. त्यात ते एन्झाइम आत पोचायचं, पुढचा तुकडाही कापला जायचा, पण काम शून्य! घडीच पडत नव्हती. बिघाड एचएसपी६० मध्ये होता. सात-सात घटकांच्या कड्यांची ती पोकळी असते. अर्धवट प्रथिनाला ती इतरांपासून दूर ठेवते, म्हणजे प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत. आकार कोणता घ्यायचा हे मात्र ती सांगत नाही, तो साखळीतच लिहिलेला असतो. म्हणजे अॅन्फिन्सेनही खरेच.

पण मला झपाटलं ते पुढच्या वर्षीच्या निष्कर्षानं. एचएसपी६० चे नवे घटक आत येतात, तेव्हा त्यांची कडी जुळवायलाही आधीची चालू एचएसपी६० लागते. ती नसेल तर धडधाकट घटक येऊनही जुळणी होत नाही. घरात कितीही दूध असू दे, विरजण नसेल तर दही लागत नाही, तसं. आईपेशीतून कळीपेशीत मायटोकॉन्ड्रिया जातात, त्यांच्याबरोबर हे विरजणही जातं. नुसतं जनुक वारशात मिळून भागत नाही, विनू! जनुकशास्त्र शिकवताना मी हे दरवर्षी मुलांना सांगतो, आणि दरवर्षी माझाच आवाज चढतो.

आणखी एक. बेकरीच्या यीस्टमध्ये श्वसन न करणाऱ्या छोट्या वसाहती आपोआप येत राहतात. परवा मुलांनी प्लेटवर टीटीसी हे श्वसन ओळखणारं रसायन ओतलं, तेव्हा श्वसन करणाऱ्या वसाहती लालभडक झाल्या आणि त्यांच्यामध्ये खसखशीएवढ्या पांढऱ्या तशाच राहिल्या. ग्लुकोजवर त्या मजेत जगतात, श्वसनाशिवाय वापरता न येणाऱ्या ग्लिसरॉलवर टाकल्या की संपल्या. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए गमावूनही यीस्ट जगतं, पण एचएसपी६० काढून घेतली तर ग्लुकोजवरही जगत नाही. कारण मायटोकॉन्ड्रिया फक्त ऊर्जेसाठी नसतात, पेशीला लागणारे लोह-गंधकाचे समूह जुळवायचं कामही तिथेच सुरू होतं.

माणसातही याच प्रथिनाच्या जनुकात दोष असला, तर पाय ताठरत जाणारा एक आनुवंशिक आजार होतो. यीस्टमध्ये एवढं खोल का जायचं, त्याचं माझ्यापुरतं हेही एक कारण.

नाताळच्या सुट्टीत ये. निफाडकडे थंडी जोरात आहे, स्वेटर आण. ग्लुकोज आणि ग्लिसरॉलच्या दोन्ही प्लेट शेजारी ठेवून दाखवतो. वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत