मिनिकॉयच्या रुग्णालयात रुजू झालेल्या सईस

पुणे, एप्रिलअखेर

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, की पहिल्याच महिन्यात दोन रुग्ण कोचीला पाठवावे लागले आणि त्यामुळे आपण कमी पडतो असे वाटू लागले आहे. तेव्हा मी गप्प राहिले, कारण बाबा शेजारी बसले होते आणि त्यांना लगेच धास्ती बसते. म्हणून लिहिते.

मी नकाशा काढून पाहिला. मिनिकॉयपासून कोची सुमारे ४०० किलोमीटर, आणि लक्षद्वीपची इतर बेटे नाइन डिग्री चॅनलच्या पलीकडे, उत्तरेला. आपण पुण्याहून गोव्याला जातो जवळजवळ तेवढे अंतर. पण मध्ये सातारा नाही, कराड नाही, रात्री उघडे असणारे औषधाचे एक दुकान नाही.

मी नवी परिचारिका असताना भोरच्या पलीकडच्या एका लहान रुग्णालयात पहिलटकरणीला बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला. डॉक्टर हुशार होते, परंतु पुढे पाठवले तर वरिष्ठ काय म्हणतील, या विचारात त्यांनी दोन तास घालवले आणि तेवढ्यात रस्त्यावर दरड आली. बाई वाचली, गर्भाशय मात्र गेले. तिचे वय एकोणीस होते. आमच्यापुढे निदान रस्ता होता. तुझ्याकडे येणारे हेलिकॉप्टर उजेड आणि हवा पाहूनच येते, त्यामुळे रुग्ण दाखल झाला की आधी सूर्यास्ताला किती तास उरले ते मोज, आणि निरोप, परवानगी व उड्डाण यांचा वेळ त्यातून वजा कर. ‘संध्याकाळपर्यंत पाहू’ हे पुण्यात चालते.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारी औषधे आधी सांभाळ. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत राहायला हवे, म्हणून वीज जाऊन आली की फ्रीजचा तापमापक स्वतः पाहा. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना थंडावा लागत नाही, पण दमट हवेपासून जपाव्या लागतात. ट्रॅनेक्झामिक ॲसिड द्यायचे तर बाळंतपणानंतर ३ तासांच्या आत. तुला हे पाठ आहे, मला ठाऊक आहे. तरीही सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ७ घनमीटरचा मोठा ऑक्सिजन सिलिंडर मिनिटाला १० लिटरप्रमाणे साडेअकरा तासांत रिकामा होतो, म्हणजे एका रुग्णाची एक रात्र. पावसाळ्यात जहाजांचे वेळापत्रक कोलमडते, तेव्हा भरलेले सिलिंडर मे महिन्यातच मोजून ठेव.

२०२४ पासून कोचीहून समुद्राखालची केबल आल्यामुळे ईसीजी हृदयतज्ज्ञाला क्षणात दाखवता येईल. पण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तुमच्या कपाटात नसेल, तर तज्ज्ञ तरी काय करणार?

रक्ताचे मात्र वेगळे आहे, ते माणसांतच साठवावे लागते. तिथे गावच्या प्रमुखाला बोडुकाका म्हणतात, असे मी वाचले. आपल्या कानाला तो शब्द घरचाच वाटतो. प्रत्येक गावाच्या बोडुकाकांकडे जाऊन रक्तगटानुसार दात्यांची यादी कर. मिनिकॉयचे अनेक पुरुष जहाजांवर नोकरीला असतात, त्यामुळे जानेवारीतला ‘ओ निगेटिव्ह’ जूनमध्ये दुसऱ्याच समुद्रावर असेल. म्हणून यादी दर दोन महिन्यांनी ताडून पाहा, आणि हिमोग्लोबिन पुरेसे असलेल्या बायकांची नावेही आवर्जून घे.

पार्सलमध्ये लांब पानांची पुठ्ठ्याची वही ठेवली आहे. डाव्या पानावर साठा, उजव्या पानावर मुदत संपण्याच्या तारखा, असे रकाने मीच आखून दिले आहेत. बाकरवडीचा मोठा पुडा तुझ्या सिस्टरांसाठी आहे, तो आधी त्यांना दे. वहीतली पहिली नोंद झाली की पानाचा फोटो मला पाठव.

तुझी,
आई