गिंझाच्या विटा आणि चेरी

संपादक महोदय,

जपानी चित्रकलेचा विषय निघाला की आपली गाडी होकुसाईची लाट आणि फुजी पर्वत यांच्यापुढे सरकत नाही. हिरोशिगे हे नाव लावणाऱ्या चित्रकारांतला तिसरा, म्हणजे तिसरा हिरोशिगे (१८४२-१८९४), मात्र बहुतेकांच्या गावीही नसतो. टोकियोतली गिंझा ही नवी बाजारपेठ त्याने पुन्हा पुन्हा रंगवली.

१८७२च्या आगीत गिंझाची लाकडी वस्ती जळाली. सरकारने टॉमस वॉटर्स या परदेशी अभियंत्याकडून तिथे विटांच्या दुमजली इमारती आणि रुंद रस्ता करवून घेतला. १८७४मध्ये गॅसचे दिवे आले. हिरोशिगेच्या लाकडी ठशांच्या चित्रांत हे सगळे आहे: खांबांचे व्हरांडे, घोडागाड्या, किमोनोशेजारी कोट-टोपी, वर फुललेली चेरी. आणि आयात रंगाचा तो भडक लाल! जाणकार त्याला नाके मुरडतात. मला तो नव्या दुकानाच्या पाटीसारखा वाटतो, म्हणजे त्या रस्त्याला अगदी शोभणारा.

चित्रात नाही ती ओल. इमारती दमट निघाल्या, भाडेकरू फिरकेनात, कित्येक गाळे रिकामे पडले. चेरीही टिकली नाही, तिच्या जागी विलो आले. चित्रकाराने वर्दळ तेवढी दाखवली. रिकामे गाळे पाहायला चित्र कोण विकत घेणार?

या गर्दीत माणसाने ओढायची दुचाकी गाडीही दिसते. तिचे जपानी नाव जिनरिकिशा. आपल्या नाक्यावरच्या ‘रिक्षा’चे मूळ तेच.

– एक वाचक, पुणे