तिचा नवरा, त्याची बायको आणि बोलोन्यातलं इंग्रजी

बोलोन्या, इटली, 14 नोव्हेंबर

प्रिय चिमे,

तुझा परवाचा निरोप ऐकला आणि कणकेच्या हातानेच हसत बसले. "तिकडची गोरी माणसं तुझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात? अगं, पण ती गोरीच ना?" गोरीच गं. पण गोरा दिसला की तो इंग्रजी घेऊनच जन्मला, ही आपल्याकडची समजूत इथे बसस्टॉपवरच गळून पडते. माझ्या वर्गातली बहुतेक मंडळी साठीच्या पुढची. त्यांच्या शाळेत परकी भाषा म्हणजे फ्रेंच. पहिलीपासून इंग्रजी हे इथे 2003च्या शिक्षणसुधारणेनंतर आलं. आपल्याकडे 2000 साली आलं, म्हणजे आपणच जरा पुढे! शिवाय इथे टीव्हीवरचा परदेशी सिनेमा इटालियनमध्ये डब होऊनच येतो. कानावर इंग्रजी पडणार कुठून? तू-मी पाचवीत एबीसीडी गिरवली, तर यांनी नातवंडं झाल्यावर.

वर्ग मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी, वस्तीतल्या एका सार्वजनिक हॉलमध्ये. मला पगार नाही, पण दर वेळी कोणीतरी काहीतरी खायला आणतं, त्यामुळे वजन मात्र नियमित जमा होतंय. पातळी ए-वन, म्हणजे सहा पायऱ्यांतली सगळ्यात खालची. त्या पायरीवर माणसाला आपली ओळख करून देता यावी, दुसऱ्याची करून देता यावी, कुठे राहता, घरी कोण कोण, एवढं विचारता-सांगता यावं, इतकीच अपेक्षा. ऐकायला सोपं. पण मी सांगते, पहिल्या धड्यातल्या पाच वाक्यांत अख्खं व्याकरण दबा धरून बसलेलं असतं.

वय बघ. इटालियनमध्ये वय 'असतं' नाही, वय 'जवळ असतं'. "ओ त्रेंतान्नी", म्हणजे माझ्याकडे तीस वर्षं आहेत, दोन गाई आहेत तशी. म्हणून पहिल्या दिवशी सगळा वर्ग ओळीने उभा राहून सांगतो, "आय हॅव सिक्स्टी इयर्स", "आय हॅव सेव्हन्टी-वन इयर्स". चूक म्हणून लाल रेघ मारायला माझा हात धजत नाही, कारण याची उलटी चूक मी करून बसलेय. नऊ वर्षांपूर्वी इथे आले तेव्हा एका सरकारी खिडकीवर वय विचारलं. मी इंग्रजीतून मनात जुळवणी केली आणि ठणकावून म्हणाले, "सोनो क्वारांता." आता 'सोनो' म्हणजे 'मी आहे' आणि 'ते आहेत' सुद्धा. खिडकीतल्या माणसाने चष्मा वर केला, माझ्या खांद्यावरून मागे बघितलं आणि विचारलं, "बाकीचे कुठे आहेत?" त्याला वाटलं, बाई चाळीस जण घेऊन आलीय!

तर आमच्या वर्गात एक स्फोल्यीना आहेत. स्फोल्यीना म्हणजे हाताने पास्त्याची पोळी लाटणारी बाई. बोलोन्यात हा मानाचा धंदा. त्यांचं लाटणं आपल्या दोन लाटण्यांएवढं लांब, आणि पोळी इतकी पातळ की लाकडी पाटावर पसरली की खालच्या रेषा दिसाव्यात. चाळीस वर्षं हेच केलेल्या या आजी कडक शिस्तीच्या. आपण 'डू' शिकायला घेतलं त्या दिवशी त्या चिडल्याच. इटालियनमध्ये प्रश्न करायला काही लागतच नाही, आवाज वर गेला की झाला प्रश्न. "यू लाइक कॉफी?" असं त्या विचारतात आणि त्यांना कळतही नाही की काही राहिलं. मी 'डू' पुढे आणून ठेवला तर म्हणाल्या, तालियातेल्लेची, म्हणजे आमच्या लांब पट्ट्यांच्या पास्त्याची, रुंदी शिजल्यावर 8 मिलिमीटर हे 1972 साली इथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवलंय, सोन्याची पट्टी करून ठेवलीय. तुमच्या 'डू'ची नोंद कुठे आहे ती दाखवा!

(आहे हं ती पट्टी, खरंच.)

मग मी आपला 'का' बाहेर काढला. म्हटलं, माझ्या भाषेत वाक्य जसंच्या तसं ठेवायचं आणि शेवटी एक इवलासा शब्द चिकटवायचा: "चहा घेता." "चहा घेता का?" इंग्रजांनी तोच शब्द शेपटाकडून उचलून तोंडाकडे लावलाय, एवढाच फरक. आजींनी दोनदा "चाहा घेता का" म्हणून बघितलं आणि वहीत 'डू' शेजारी बाण काढून 'का' लिहिलं. त्या दिवसापासून कोणी 'डू' विसरलं की मागून आवाज येतो, "का! का!" बाहेरून जाणाऱ्याला वाटावं आत कावळे भरलेत.

उच्चारांचं एकच सांगते. इटालियनमध्ये 'एच' लिहितात पण बोलत नाहीत. त्यामुळे जेवायच्या वेळेला आमचे निवृत्त बसचालक आजोबा अतिशय गोड हसून सांगतात, "आय ॲम अँग्री." भूक लागलीय बिचाऱ्यांना! आणि सुधारायला गेलं की 'एच' जिथे नको तिथे येऊन बसतो: "हाय हॅम हंग्री." या 'एच'चं त्यांच्या भाषेतलं नाव काय माहितीये? अक्का. एखादी गोष्ट मुळीच कळली नाही की ते म्हणतात, 'एक अक्काही कळली नाही'. आपलं 'ओ की ठो कळत नाही' तेच! हे ऐकल्यावर मला या लोकांबद्दल उगाच माहेरचं प्रेम वाटायला लागलं.

आणि प्रेम वाटण्यासारखं आणखी पुष्कळ आहे. "मला कॉफी आवडते" यात कर्ता कोण, यावरून बाईंनी आपल्याला आठवीत किती छळलं होतं! इटालियनमध्ये डिट्टो तेच: "मी प्याचे इल काफे." तो 'मी' म्हणजे आपला 'मला'. आणि आंबे अनेक असले की क्रियापद बदलणार, आपलं 'आवडतो-आवडतात' तसंच. माझ्याबरोबर इटालियन शिकणारी एक इंग्रज मुलगी महिनाभर या 'प्याचे'शी झटत होती. मला एका मिनिटात कळलं, आयुष्यात पहिल्यांदा व्याकरणात पहिली आले. शिवाय 'मी गेलो' आणि 'मी गेले' हा फरकही त्यांच्याकडे आहे: पुरुष 'आंदातो', बाई 'आंदाता'. इंग्रजीत गेलेल्याचा पत्ताच लागत नाही, कोण गेलं ते.

कर्त्याचं म्हणशील तर तो ते आपल्यासारखाच खुशाल गाळतात. आपण नाही का, "जेवलीस?" "जेवले." संपलं. म्हणून पावसात हॉलमध्ये शिरताना आजोबा म्हणतात, "इज रेनिंग." मी म्हणते, "इट इज रेनिंग." ते म्हणतात, "कोण हा इट?" आपल्याकडे निदान पाऊस तरी पडतो, इटालियनमध्ये 'प्योवे' एवढ्या एका शब्दात सगळं भिजून जातं. या इटचं उत्तर माझ्याकडे नाही, तुझ्याकडे असेल तर कळव. (आणि भिजतं तरी कोण? या गावात 62 किलोमीटर नुसत्या कमानदार ओसऱ्या आहेत. मी छत्री दोन वर्षांत उघडलेली नाही.)

आता मूळ गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. गेल्या गुरुवारी घरच्यांची ओळख करून द्यायची होती. स्फोल्यीना आजींनी पर्समधून फोटो काढला. त्यांची मुलगी डब्लिनला असते, नवरा आयरिश. आजी उभ्या राहिल्या: "धिस इज माय डॉटर. धिस इज हिज हजबंड." मी थांबवलं. 'हिज' नाही, 'हर'. त्यांना पटेना. नवरा पुरुष आहे ना? मग 'हिज'च! इटालियनमध्ये जी वस्तू किंवा माणूस 'कोणाचं' आहे, त्याच्या लिंगाकडे बघतात. मालकिणीकडे कोणी बघत नाही. इंग्रजीत बरोबर उलटं, फक्त मालकाकडे बघायचं. दोन्ही बाजू अडून बसल्या.

मग मी फळ्यावर देवनागरीत मोठ्ठं लिहिलं: तिचा. 'ति'खाली रेघ मारली आणि मुलीच्या फोटोवर बोट ठेवलं. 'चा'खाली रेघ मारली आणि जावयावर बोट ठेवलं. म्हटलं, आमच्या भाषेत दोघांचीही दखल घेतात. तिचा नवरा, त्याची बायको. इंग्रजी घेताना फक्त या पहिल्या अर्ध्याकडे बघा. वर्ग गप्प झाला. आजी पुढे आल्या, चष्मा लावून अक्षरांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "वरून दोरी बांधून वाळत घातलेत का हे शब्द?" मग बोटाने हवेत 'तिचा' गिरवला. नखाच्या कडेला पीठ होतं अजून. खरं सांगू, शाळेत असताना 'तिचा'मध्ये इतकं काही आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी वळून बघितलं नव्हतं.

तेवढ्यावर भागलं नाही. फोटोतल्या चिमुरडीला त्या "माय नेफ्यू" म्हणाल्या. कारण इटालियनमध्ये नातू, नात, भाचा, भाची, पुतण्या, पुतणी, सगळे एकाच 'निपोते'त कोंबलेले! मी आपल्या नात्यांची यादी ऐकवली. मावशी, आत्या, काकू, मामी येईपर्यंत आजोबांनी पेन खाली ठेवलं.

तू म्हणशील, एवढं शिकवतेस तर तुझं तरी इंग्रजी सुधारलं का? कुठलं गं. "आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स नाइन इयर्स" हे परवाच मी भर वर्गात बोलले. (हवं होतं, 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर नाइन इयर्स'.) आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण ते 'फ्रॉम नाइन इयर्स' म्हणतात. काळ संपलेला नाही, अजून राहतोच आहोत, मग 'राहतो'च म्हणणार ना माणूस! तुझी पोरं 'सिन्स'वर अडली तर फार रागावू नकोस.

काल आजींनी वर्ग सुटल्यावर मला थांबवून घेतलं. डब्लिनला व्हिडिओ कॉल लावायचा होता. नातीला इटालियन कळतं पण ती बोलते इंग्रजीतच, आणि आजीला तेच हवं होतं. फोन पाण्याच्या भांड्याला टेकवून ठेवला. आजींनी केस सारखे केले आणि एकेक शब्द पाटावर मांडावा तसं विचारलं, "हाऊ ओल्ड आर यू?" पोरगी ओरडली, "आय ॲम फोर!"

आजी माझ्याकडे वळल्या, हळूच विचारतात, "चार? चार काय?"

बाकी मजेत. ह्यांची सर्दी बरी आहे. गोडा मसाला संपत आलाय, कोणी इकडे येणारं असलं तर पाव किलो धाड.

तुझीच,
मागच्या बाकावरची