रिकाम्या टाकीचे ४८ दिवस

डेन्व्हर
८ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न.

दिवाळीच्या फोनवर तुम्ही विचारलंत, "टाकी भरून महिना झाला, मासे कधी आणणार?" तिकडे घरात पाहुणे होते, तुम्हालाही नीट ऐकू येत नव्हतं. "आणू लवकरच" म्हणून मी विषय संपवला, पण ते मनात राहिलं. आज शनिवार, निवांत आहे, म्हणून सगळं लिहिते.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती. चार वर्षांपूर्वी भाड्याच्या घरात होतो, तेव्हाही मी खाऱ्या पाण्याची लहान टाकी केली होती. दुकानदार म्हणाला, पाणी नितळ दिसलं की सोडा मासे. तिसऱ्या दिवशी दोन क्लाउनफिश आणले. पाचव्या दिवशी दोघेही पाण्याच्या वरच्या थरात येऊन तोंडं उघडत होते, कल्ले भराभर हलत होते. आठवडा काही निघाला नाही. पाणी अगदी काचेसारखं स्वच्छ होतं, म्हणून तर मला काय चुकलं तेच कळेना. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो, त्याला रंग नाही, आणि नव्या टाकीत तो खाणारं कुणीच नसतं. माझे मासे स्वतःच्याच मलात गुदमरले, बाबा. तेव्हाच ठरवलं होतं, पुन्हा करेन तर आधी पाणी जिवंत करेन, मग मासा.

हे तुम्हाला समजावायची खरं तर गरज नाही. नववीच्या वर्गाला तुम्ही फळ्यावर नायट्रोजनचं चक्र काढायचात आणि परसातली चवळी उपटून मुळांवरच्या गाठी दाखवायचात. त्याच चक्राचा एक तुकडा माझ्या बैठकीच्या खोलीत चालू आहे. एक जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट मासा बऱ्यापैकी सोसतो. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, दगडाच्या छिद्रांत आणि वाळूत घर करतात, आणि फार हळू वाढतात. विरजण एका रात्रीत लागतं, इथे महिना-दीड महिना जातो. इकडे याला टाकी 'सायकल करणं' म्हणतात.

टाकी १२० लिटरची आहे. नळाचं पाणी आरओमधून काढलं आणि लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशेबाने सव्वाचार किलो मीठ विरघळवलं. हे आपलं जेवणातलं मीठ नव्हे, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं समुद्रासारखं असतं. घनता १.०२५ आली. खडक कोरडेच घेतले. समुद्रातून काढलेले जिवंत खडक घेतले असते तर जिवाणू आयते मिळाले असते, पण मालवणच्या पाण्यातली प्रवाळं पाहिलेल्या माणसाला कुठल्या तरी समुद्रातून तोडून आणलेला खडक घरात ठेववत नाही. बाटलीतले जिवाणू घातले आणि त्यांना खायला अमोनियाचे थेंब, दहा लाख भागांत दोन भाग होतील इतके. दिवा बंदच ठेवला, नाहीतर शेवाळ माजतं.

मग रोज संध्याकाळी चाचणी. काचेच्या नळीत पाच मिली पाणी, चाचणीच्या रसायनांच्या दोन बाटल्यांतले आठ-आठ थेंब, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर अमोनिया नाही, हिरवं झालं तर आहे. दोन आठवडे रोज हिरवं, बाबा! तुमची नात नळी खिडकीशी धरून रंगाच्या कार्डाला लावून बघायची आणि वहीत खडूने तोच हिरवा रंग भरायची. ९ ऑक्टोबरला नायट्राइटच्या नळीतला निळा रंग पहिल्यांदा जांभळा झाला, म्हणजे पहिली फौज कामाला लागली. तुम्ही फोनवर विचारलंत त्या दिवशी अमोनिया उतरला होता, पण जांभळा रंग कार्डाच्या शेवटच्या खुणेपलीकडे गेला होता. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे नायट्राइट माशाला गोड्या पाण्याइतकं बाधत नाही, त्यामुळे तेव्हाच मासे सोडणारेही आहेत. मला ते करायचं नव्हतं.

इथे आणखी एक काम रोजचं. डेन्व्हरची हवा इतकी कोरडी की टाकीतलं दीड लिटर पाणी दिवसाला उडून जातं. पाणी जातं, मीठ मागे राहतं, म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या पाण्याची. काचेवर पेनाने रेघ मारून ठेवली आहे. समुद्र इथून हजार किलोमीटरच्या पलीकडे, आणि मी सकाळी चहाआधी त्या रेघेपर्यंत पाणी भरते. तुम्ही अंगणातल्या तुळशीला घालता त्याच वेळेला, तुमच्या संध्याकाळी.

परवा रात्री शेवटची परीक्षा घेतली. अमोनिया पुन्हा दोनवर नेला आणि २४ तासांनी, म्हणजे काल रात्री पाहिलं. एक नळी पिवळी, दुसरी आकाशी. दोन्ही शून्य. आम्ही दोघी ओट्याशी उभ्या होतो, तिने नळ्या चारदा माझ्या हातातून घेतल्या. नायट्रेट ४०च्या आसपास साठलं होतं, म्हणून आज अर्धं पाणी बदललं. खडकांवर आता तपकिरी थर धरू लागला आहे, तो नव्या टाकीत येतोच, त्याची काळजी नाही.

पुढच्या शनिवारी दोन क्लाउनफिश आणणार, टाकीतच पैदास झालेले. दोनच. आता आहेत तेवढ्या जिवाणूंना पेलतील इतकेच, बाकीचे पुढे महिन्या-महिन्याने.

एक काम करा. आई ओहोटीला कालवं काढायला जाईल तेव्हा तिच्याबरोबर जा आणि खडकांमधल्या डबक्यांचा व्हिडिओ काढून पाठवा. नातीला बघायचं आहे, खऱ्या समुद्रात दगडावर कोण कोण राहतं ते. फोन पाण्याजवळ सांभाळून धरा.

आगळाची बाटली न फुटता पोचली. आईला नमस्कार सांगा, गुडघ्याचं औषध चुकवू नका.

तुमची,
बाय