शंख पुरे, आता थोडी आकडेमोड छापा

मा. संपादक,
स. न.

२२ डिसेंबरच्या गणित दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला सुवर्ण गुणोत्तरावरचा लेख वाचला. शंख, सूर्यफूल, ग्रीक मंदिर... दरवर्षी हीच वरात निघते. (शंख कुणी मोजून पाहतो की नाही, देव जाणे!) या गुणोत्तराची खरी गंमत मात्र लेखात नव्हती. त्याच्या पायावर संख्या लिहिता येतात.

आपण दहाच्या पायावर लिहितो, संगणक दोनच्या. पाया पूर्णांकच हवा असा समज शाळेतच पक्का होतो, पण तसा नियम नाही. १९५७ साली जॉर्ज बर्गमन या अमेरिकेतल्या शाळकरी मुलाने सुवर्ण गुणोत्तर, म्हणजे १.६१८..., हाच पाया घेतला. अंक दोनच, ० आणि १. डावीकडे एक घर सरकले की किंमत १.६१८ पट होते, उजवीकडे तितक्याच पटीने कमी. मग दोन म्हणजे १०.०१, कारण १.६१८ अधिक ०.३८२. तीन म्हणजे १००.०१. पाया अपरिमेय (दोन पूर्णांकांच्या भागाकारात न बसणारा) असूनही प्रत्येक पूर्ण संख्या मोजक्या अंकांत आटोपते आणि साधा अर्धा मात्र ०.०१००१००१... असा संपतच नाही!

त्याच वर्षी हंगेरीच्या आल्फ्रेड रेन्यी यांनी एकाहून मोठ्या कुठल्याही पायासाठी हा विषय खुला केला. ०.९९९... म्हणजे १ हे ऐकून वर्ग चक्रावतो. इथे तर १ म्हणजे ०.११, ०.१०११, ०.१०१०११ आणि असे कितीतरी. पाया एक आणि सुवर्ण गुणोत्तर यांच्या मधला असेल, तर टिंबाच्या उजवीकडे फक्त या दोन अंकांनी लिहिता येणाऱ्या प्रत्येक संख्येची, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी सोडून, अगणित रूपे असतात. एर्डोश, यो आणि कोमोर्निक यांनी हे १९९० मध्ये सिद्ध केले. असे लिहिलेले १ चे रूप एकमेव असावे असा सर्वांत लहान पाया १.७८७२... आहे, तो कोमोर्निक आणि लोरेती यांनी १९९८ मध्ये शोधला.

हा नुसता खेळ नव्हे. आवाजाचे अंक करणाऱ्या सर्किटकडून दोनच्या पायात एक अंक चुकला की पुढे तो सावरता येत नाही. पाया दोनहून जरा कमी ठेवला, तर पुढचे अंक छोटी चूक भरून काढू शकतात.

पुढच्या गणित दिनी विद्यार्थ्यांच्या पानावर एवढेच विचारा: सुवर्ण पायात पाच कसे लिहाल? एक सूचना, शेजारी शेजारी दोन १ येऊ द्यायचे नाहीत. उत्तर मुद्दाम इथे देत नाही.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, फोंडा