तबकडी वाजवली म्हणजे अस्सल?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला हाउस-टेक्नो या नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या ज्येष्ठ डीजेंवरचा लेख वाचला. या संगीताची दखल आपल्याकडे एरवी ध्वनिप्रदूषणाच्या बातमीतच घेतली जाते, म्हणून लेख आला याचंच आधी बरं वाटलं. पण त्याचा एकूण सूर असा, की जुने डीजे तबकड्या वाजवतात म्हणून ते अस्सल आणि आजची पोरं दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारं 'सिंक'चं बटण दाबतात म्हणून ती नकली. हे मला पटलं नाही.

ज्यांच्या नावानं हे सोवळं सांगितलं जातं, त्यांनी ते स्वतः कधी पाळलं नव्हतं. शिकागोतल्या 'वेअरहाउस' क्लबच्या नावाचा अर्धा तुकडा, 'हाउस', या संगीताला कायमचा चिकटला. तिथले डीजे फ्रँकी नकल्स नाचणाऱ्यांना गाणं पुरत नाही म्हणून ते रील टेपवर कापून-जोडून लांबवत. पुढे त्यांनी डेट्रॉइटच्या डेरिक मे यांच्याकडून रोलंडचं टीआर-९०९ हे ड्रम मशीन विकत घेतलं आणि तबकड्यांच्या जोडीला तेही वाजवू लागले. टेक्नोचे डीजे जेफ मिल्स आजही डेकशेजारी ९०९ ठेवतात. लॅपटॉपवरची गाणी तबकडीच्या हालचालीनं वाजवणारं 'फायनल स्क्रॅच' आलं, तेव्हा त्याच्या मागे उभे राहिलेले रिची हॉटिन आणि जॉन अक्वाविवा हे त्या काळातही मुरलेले डीजे होते. आणि लांब कशाला जायचं, आपल्या शेजारच्या गोव्यात हणजुणेच्या किनाऱ्यावर उन्हानं तबकड्या वाकायच्या, म्हणून तिथले डीजे कॅसेट आणि डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) वाजवत. गोवा गिल तर चोवीस-चोवीस तास डॅटवर वाजवत. ते संगीत पुढे ट्रान्स या वेगळ्या शैलीकडे वळलं हे मान्य, पण गिल नकली होते असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

दोन गाण्यांची लय कानानं जुळवणं हे कसब आहे, नाही असं नाही. पण सरावानं येणारं कसब आहे. पुढचं गाणं कोणतं लावायचं आणि फ्लोअरनं ते नाकारलं तर काय करायचं, हे कुठलंच बटण सांगत नाही.

फ्लोअरनं नाकारल्याचा एक किस्सा या संगीताच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. 'फ्यूचर' नावाच्या त्रिकुटानं टीबी-३०३ या यंत्रातून एक विचित्र, पिळवटलेला आवाज काढला. गिटारवाल्यांना साथीला बेस मिळावा म्हणून रोलंडनं ते यंत्र काढलं होतं. ते खपलं नाही, १९८४ मध्ये बंद पडलं आणि सेकंडहँड दुकानांत पडेल भावानं मिळू लागलं. या पोरांनी आपली टेप शिकागोच्या 'म्युझिक बॉक्स' क्लबमध्ये तिथले डीजे रॉन हार्डी यांच्या हाती दिली. हार्डींनी ती लावली आणि फ्लोअर रिकामा झाला. त्याच रात्री त्यांनी ती थोड्या थोड्या वेळानं पुन्हा लावली. चौथ्या खेपेला लोक बेभान होऊन नाचत होते. १९८७ मध्ये 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' म्हणून ती तबकडीवर आली आणि अ‍ॅसिड हाउस या उपप्रकाराची गाडी सुरू झाली.

आता विचार करा, हार्डींच्या हातात नव्वद मिनिटांचा सेट असता तर? दुसऱ्यांदा लावायचीही सोय नसती. त्यांच्याकडे अख्खी रात्र होती, आणि पुढच्या आठवड्यात त्याच क्लबमध्ये बरीचशी तीच माणसं परत येणार होती. न्यूयॉर्कच्या 'पॅराडाइज गराज'मध्ये लॅरी लेव्हन १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षं वाजवत होते. कार्ल कॉक्स यांनी स्पेनच्या इबिझा बेटावरच्या 'स्पेस' क्लबमध्ये पंधरा उन्हाळे काढले. अस्सलपणा शोधायचा तर तो इथे, रेसिडेन्सीत, म्हणजे एकाच क्लबमध्ये नेमानं वाजवण्यात.

म्हणूनच काही बुजुर्गांची तक्रार मला अर्धवट वाटते. पोरांच्या सिंकवर बोट ठेवायचं आणि स्वतः शुक्रवारी एका देशात, शनिवारी दुसऱ्या देशात दीड-दोन तास ठरलेली हमखास गाणी वाजवून विमान पकडायचं! त्यांनाही पोट आहे, आणि मानधन फेस्टिव्हलांतच आहे, हे मी समजू शकतो. पण मग आपण काय गमावलं हे तरी नीट ओळखावं. सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा बंद झाला तेव्हा रसिकांनी हळहळ केली ती उत्तररात्रीच्या रागांसाठी, तंबोऱ्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला म्हणून नव्हे.

लेखातल्या एका चौकटीबद्दलही लिहायला हवं. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये तेच ३०३ आणि रोलंडचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. रेकॉर्ड ऐकली की अंगावर काटा येतो. पण म्हणून 'हाउस मुंबईत जन्मलं' हा निष्कर्ष चुकीचा. ती रेकॉर्ड तेव्हा फारशी कुणापर्यंत गेली नाही, तिचं नाव जगभर झालं ते २०१० च्या पुनर्प्रकाशनानंतर. हाउस शिकागोच्या आणि टेक्नो डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय तरुणांनी उभं केलं, तेही सिंग यांचं नाव न ऐकता. या तरुणांच्या श्रेयाचे वाटेकरी आधीच पुष्कळ झालेत. २०२४ मध्ये जर्मनीनं बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला आपल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत बसवलं, त्यात आणखी आपली भर नको. सिंग यांचं काम त्या दाव्याशिवायही मोठंच आहे.

एक विनंती. यापुढे एखादा ज्येष्ठ डीजे पुण्यात किंवा गोव्यात आला, तर आपल्या प्रतिनिधीनं 'तबकड्या आणल्यात का' हे विचारू नये. आयोजकांनी किती तास दिलेत, आणि मागितले किती होते, हे विचारावं. आणि त्याच्या आधी वाजवणाऱ्या, पोस्टरवर बारीक अक्षरांत छापलेल्या स्थानिक मुलाचं किंवा मुलीचं नावही छापावं.

आपला,
एक वाचक, पुणे